आळशी पूड

"बिस्किटासारखे फुटले हो माझे ठोकळे!" गवंडी कुबडी टेकून दारातच बसला. "कुणीतरी घात केलाय, मावशी."

लोकांच्या लबाड्या शोधून देणाऱ्या मावशींनी चष्मा पुसला. त्यांचे यजमान, म्हणजे काका, लगेच चपला शोधू लागले.

गवंडी ज्वालामुखीच्या खडकाची बारीक पूड करून सिमेंटमध्ये मिसळत असे. चार घमेली सिमेंट, एक घमेलं पूड. नमुन्याचे ठोकळे तपासणीत टिकले, तर नव्या शाळेचं काम त्याला मिळणार होतं.

"पूड आळशी आहे. अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडून राहिली तरच कामाला लागते. ठोकळे मी स्वतः हौदात सोडले, आणि दुसऱ्याच दिवशी परांचीवरून पडलो. महिनाभर अंथरुणात!"

गवंड्याच्या अंगणात हौद होता, तळाशी लोखंडी जाळी. काकांनी ती चाचपली आणि बाही तांबडी झाली.

"नवा सदरा होता गं!"

मावशी मात्र फुटके ठोकळे उलटे करून बघत होत्या. त्यांची बुडं स्वच्छ, राखाडी होती.

तपासणीच्या बाई म्हणाल्या, "मी ते हौदातूनच उचलले. ओलेच होते."

सिमेंटचा दुकानदार म्हणाला, "पूड चालली तर माझी पोती पडून राहतील, नाही कशाला म्हणू? पण महिनाभर मी त्या अंगणात पाऊल ठेवलं नाही."

गवंड्याचा थोरला भाऊ, ज्याने त्याला थापी धरायला शिकवलं, तो दुखावला. "मी असं करीन? रोज सकाळी येऊन पाणी मारत होतो. एक दिवस खाडा नाही."

"दुकानदारच," काका कुजबुजले. "तोंडावर लिहिलंय त्याच्या."

"तुम्ही आधी बाही धुवा."

संध्याकाळी मावशींनी सगळ्यांना हौदापाशी बोलावलं.

"महिनाभर जाळीवर बसलेल्या ठोकळ्यांना गंज लागायलाच हवा. काकांच्या बाहीला क्षणात लागला. ठोकळ्यांना नाही. म्हणजे ते बाहेर सुकत पडले आणि शेवटी परत बुडवले गेले. मग रोज येणाऱ्याला हौद रिकामा दिसला कसा नाही?" त्या थोरल्याकडे वळल्या. "आणि दादा, बुडालेल्या ठोकळ्यांना पाणी कोण मारतं? पाणी भिंतीला मारतात. खोटं बोलताना तुमची सवय बोलली."

थोरला हौदाच्या काठावर बसला.

"नाव याचं झालं असतं," तो म्हणाला. "मग मला कोण विचारणार? याचा भाऊ म्हणून?"

गवंड्याने खिशातून शाळेच्या कामाचा अर्ज काढला आणि त्याच्यापुढे धरला. मुख्य मिस्त्री म्हणून थोरल्याचं नाव होतं. त्याचं स्वतःचं खाली, मदतनीस म्हणून.

"दादा, आता हे खोडावं लागेल," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

तपासणीच्या बाईंनी आणखी अठ्ठावीस दिवस दिले. दुसऱ्या दिवशी गवंड्याने नवे ठोकळे पाडले, आणि हौदाच्या झाकणाला कुलूप लावलं. त्या घरातलं ते पहिलंच कुलूप होतं.