झाकण उघडायची वेळ

बसा. एकच दिवा राहू दे, डोळे दुखतात हल्ली. तुम्ही दोघं उद्यापासून सेंट्रीफ्यूजच्या खोलीत काम करणार. मागे उभं राहून ओरडायचं माझं वय सरलं, अंगात तेवढा जीवही नाही. म्हणून हे एकदाच सांगतो.

माझ्यावर गुदरलेलं नाही हे, लंबूवर गुदरलंय. माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा, दाराच्या चौकटीला रोज कपाळ आपटून घ्यायचा. थापा मारायला डोकं चालावं लागतं, आणि तेवढं त्याचं चालत नाही, हे मी लिहून देतो.

मागच्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरची चौदा तारीख, मंगळवार. दिवसभर वीज नव्हती आणि क्षयाचे नमुने तसेच पडून होते. रात्री नऊला वीज आली, तेव्हा लॅबच्या साहेबांनी लंबूला फोन करून सांगितलं की वॉर्डातून उरलेल्या नमुन्यांचा डबाही घेऊन ये आणि आजच सगळे लावून टाक. तो गेला, डबा आणला, कामाला बसला. काम तुम्हाला शिकवलंच आहे. थुंकीत औषध घालायचं, मग नळ्या मशीनमध्ये गरागरा फिरवायच्या, म्हणजे जंतू तळाशी बसतात. औषधात जास्त वेळ राहिले तर मरून जातात, नमुना वाया जातो, आणि त्या बिचाऱ्या पेशंटला पुन्हा छाती फुटेस्तोवर खोकावं लागतं.

त्यात घरून बायकोचा फोन. आठ महिन्यांची मुलगी तापाने फणफणली होती. बायको रागावली नव्हती, नुसतं विचारत होती, अजून किती वेळ. अडीचपर्यंत येतो म्हणाला. बोलायला मास्क गळ्यात ओढला, तो तसाच राहिला.

एक वाजून पन्नास मिनिटांनी मशीनच्या पोटात काहीतरी कडकन फुटलं.

नळी फुटली की काय करायचं? मशीन बंद करायचं, बाहेर पडायचं, दार लावायचं आणि अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. फुटलेल्या नळीतलं आत धुक्यासारखं तरंगत असतं, ते खाली बसू द्यायचं. नळ्यांच्या खणांना वेगळी घट्ट झाकणं असतात, ती मागून मागून माझे केस पांढरे झाले, पण आली नाहीत.

नियम भिंतीवर लावलेला आहे. पण आपल्याकडे अर्धा तास कोणी थांबायचं नाही. बाकावर बसून एक चहा प्यायचा आणि आत जायचं. चहाला दहा मिनिटं लागतात. ही पद्धत कोणी पाडली, विचारा.

मी पाडली.

तेव्हा इथे मोठ्या बाई होत्या, माझ्या वरिष्ठ. एका रात्री अशीच नळी फुटली. बाई घड्याळ बघत उभ्या होत्या, आणि मला घरी जायची घाई. मी म्हणालो, "चला बाई, झाला चहा." माझ्या शब्दावर त्या आत गेल्या आणि झाकण त्यांनी उघडलं. मी दारातच होतो. दीड वर्षाने बाई क्षयाने गेल्या. शेवटी शेवटी तर शब्दाच्या आधी खोकला यायचा. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत कधी. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

लंबू त्यानंतर अकरा वर्षांनी लागला. त्याने बाईंना पाहिलेलं नाही, आणि मी हे तोवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

तर तो मशीन थांबवून बाहेर बसला, चहा प्यायला. दोन वाजता आत गेला. मास्क गळ्यातच. मशीन थांबलेलं, हिरवा दिवा लागलेला. म्हणजे झाकणाची खिट्टी सुटलेली. त्याने उचललं...

बोटभर उचललं गेलं. आणि खाली बसलं.

आपटलं नाही. पातेल्यावर झाकण ठेवावं, तसं हळू बसलं.

त्याला वाटलं, खिट्टी अडकली असेल. पुन्हा उचललं. पुन्हा बसलं.

मग दोन्ही हात लावले. एवढा धिप्पाड माणूस... झाकण हलेना.

आणि खोलीत कोणीतरी खोकलं.

कोरडं. दमलेलं. मशीनच्या पलीकडून.

त्याने वर पाहिलं. भिंत. दुसरं काही नाही.

पुन्हा खोकला... मग बाईमाणसाचा आवाज. रागाचा नव्हे. दिवसभर राबलेल्या माणसाचा असतो, तसा.

"घरी लहान लेकरू आहे ना?"

...

लंबू बाहेर आला. दार लावलं. बाकावर बसला. अर्धा तास पुरा होईस्तोवर घड्याळ बघत राहिला. घरून दोनदा फोन आला, उचलला नाही. दोन वीसला उठला, नवा मास्क नीट बांधला, हातमोजे घातले आणि आत गेला. झाकण एका बोटाने उघडलं.

फुटलेली नळी कोणाची होती, ते नंतर कळलं. ज्याच्यावर आपलं कुठलंच औषध चालत नाही, त्या पेशंटची. लंबू ती हवा छातीत घेऊन सरळ पोरीला उराशी धरणार होता. वर्षभर आम्ही त्याचे एक्स-रे फोटो काढले. छाती स्वच्छ. पोरगी आता घरभर धावते.

पण त्या सकाळी त्याने मला खोलीत नेलं आणि बोट दाखवलं. मशीन भिंतीला इतकं चिकटून आहे की मागे वहीसुद्धा सरकत नाही. झाकणावर पांढऱ्या पावडरीचे दोन पंजे उमटले होते. लहान, बाईमाणसाचे. दाबून धरलेले. बोटांची टोकं आमच्याकडे, मनगटं भिंतीकडे.

मी वास घेतला. बाईंच्या वेळच्या हातमोज्यांच्या आत असायची ती पावडर. तसले हातमोजे आपल्याकडे यायचे बंद होऊन नऊ वर्षं झाली.