फुलाफुलांचं कापड

पडद्यांच्या दुकानदाराला त्या संध्याकाळी फायदाच फायदा होता. डॉक्टरांच्या घराशी सोयरीक जुळली की गिऱ्हाइकाशी बोलताना ‘आमचे व्याही डॉक्टर’ असं सहज तोंडातून निसटू देता येणार होतं. मुलगी खूश, बायको खूश, भाऊबंद जळून खाक. अडचण एकच, मावशी. तिला फिट यायच्या, आणि डॉक्टर माणसं ‘घराण्यात काही आजार?’ हे विचारल्यावाचून थोडीच राहणार! तेव्हा मावशीनं मागच्या खोलीत बसायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. त्याला लहानाचं मोठं तिनंच केलं होतं. पण तासाभराचा तर प्रश्न!

चांगल्या कपबश्यांचं खोकं कपाटावरून उतरवताना एक पाकीट खाली पडलं. त्याचेच जुने फोटो. पहिल्यात तो सहा महिन्यांचा, फुलाफुलांच्या कापडानं झाकलेल्या खुर्चीवर ऐटीत.

“अहो, या खुर्चीला गुडघे आहेत!” बायको हसली.

पाहुण्यांचे फोटो काढायला बोलावलेले म्हातारे फोटोवाले लवकरच येऊन बसले होते. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

“खुर्ची कसली, बाई आहे ती. पूर्वी फोटोला वेळ लागायचा, पोरं हलायची. मग एक बाई पोराला घट्ट धरून कापडाखाली बसायची. दिसायचं पोर तेवढं.”

“आई असेल माझी.”

“आई समोर खुळखुळा वाजवते, शेठ. नाहीतर पोर बघणार कुणाकडे?”

पुढच्या फोटोत तो दप्तर घेऊन उभा होता. मागे तेच कापड. त्यापुढच्यात कॉलेजचे मित्र, नदीकाठी. तिथे खुर्ची नव्हती, हे त्याला पक्कं आठवत होतं. तरी मित्रांच्या मागे फुलाफुलांचं कापड होतं आणि कापडाला गुडघे होते. लग्नाच्या फोटोतही होते.

फोटोवाल्यांनी तो फोटो हळूच पालथा ठेवला. “पोर दोन वर्षांचं झालं की कापडाची घडी घालून ठेवतो आम्ही,” ते पुटपुटले.

तो मागच्या खोलीत गेला. मावशी पलंगावर बसली होती, सांगितलं होतं तशीच.

“मावशी, फोटोत कापडाखाली तू बसायचीस?”

“मग कोण? तुझी आई म्हणायची, हिचं तोंड नको फोटोत. कोंडल्यासारखं व्हायचं रे आत. पण माझ्या मांडीवर तू कध्धी हलला नाहीस हो!”

“आणि मी मोठा झाल्यावर?”

मावशीनं नवलानं त्याच्याकडे पाहिलं. “मला कुणी ऊठ म्हटलंच नाही.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऊठ. दोन अक्षरं. ती ओठांपर्यंत आली होती.

बेल वाजली.

“बस जरा,” तो म्हणाला आणि बाहेर येऊन दाराला कडी घातली.

बोलणी गोडीत झाली. डॉक्टरीणबाईंनी चहा संपवून सहज विचारलं, “घरात आणखी मोठं कुणी?”

“कुणी नाही.”

“बाबा?” मुलगी हळूच म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. बायको कपबश्या गोळा करू लागली.

अंगठी घातली गेली. मुलीला मधल्या खुर्चीवर बसवून सगळे भोवती उभे राहिले. फोटोवाल्यांनी बटण दाबलं, कॅमेऱ्यात पाहिलं, आणि कॅमेरा दुकानदाराच्या हातात दिला.

डॉक्टर दिसत होते. डॉक्टरीणबाई, नवरा मुलगा, बायको, तो स्वतः.

मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात मावशी उभी होती, घामेजलेले केस मागे सारून, तोंडभर हसत.

त्यानं मान वळवली. कडी लागलेली होती.

पुन्हा कॅमेऱ्यात पाहिलं. मधल्या खुर्चीवर फुलाफुलांचं कापड होतं. डॉक्टरीणबाईंनी कापडाच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला होता. कापडाच्या कडेखालून चार बोटं बाहेर आली होती. एकात नवी अंगठी.

“बघू ना, बाबा,” खुर्चीवरून मुलीनं हात पुढे केला. “मी कशी आलेय?”

त्यानं कॅमेरा छातीशी धरला.

“छान,” तो म्हणाला.