मागचा पलंग

लोक तिला तोंडावर वहिनी म्हणत आणि पाठीमागे दुसरी. बिस्किटांच्या कारखान्यात ती पुड्यांची वजनं तपासायची, आणि जे काट्यावर दिसत नाही ते नसतंच, असं तिचं सरळ मत होतं. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. सवतीवर मात्र होता, आणि सवत वारली म्हणून त्यात काही फरक पडला नव्हता. मेलेल्या सवतीशी भांडायची सोय नसते, त्यामुळे राग नुसता साठत जातो.

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीला दोघं निघाले ते गाडीमागे ट्रेलर जोडून. चाकांवरची खोलीच ती. पुढे ओटा, मध्ये टेबल, अगदी मागे खिडकीखाली पलंग. सगळं पहिलीनं निवडलेलं, पडदेसुद्धा तिनेच शिवलेले. आजारपणात ती याच पलंगावर पडून रस्ता बघायची. "हा विकून नवा घेऊ या," असं दुसरीनं सुचवलं, तेव्हा नवरा तेच पडदे धुवायला घेऊन बसला होता.

पहिल्या दिवशी गॅसच्या नळीचा जोड सैल निघाला, तोही ती चहा करायला उभी राहिली तेव्हाच. दुसऱ्या दिवशी दाराची पायरी निसटली. नवरा सकाळपासून कितीदा तरी त्याच पायरीवरून चढला-उतरला होता. निसटली ती हिच्या पायाखाली.

"जुनी झाली बिचारी," दाराच्या चौकटीवरून हात फिरवत नवरा म्हणाला.

"पायरी बिचारी आणि मी?"

"अगं, तुला विचारणारच होतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी, मोठ्या उतारावर, ट्रेलर झुलायला लागला. आधी थोडा, मग असा की गाडीचं मागचं टोक डावी-उजवीकडे ओढलं जाऊ लागलं. नवऱ्याच्या हातात स्टिअरिंग थरथरत होतं. कशीबशी गाडी आवरत त्याने ती रस्त्याकडेच्या दगडखाणीच्या आवारात घातली. तिथे ट्रक तोलायचा मोठा काटा होता.

"मागे वजन जास्त झालं की असं होतं," काटेवाला म्हणाला. "एक दिवस ट्रेलर उलटतो आणि गाडीलाही घेऊन जातो. मागे काय भरलंय?"

"काही नाही. पलंग आहे."

त्यांनी गाडी सोडवली, सामान उतरवलं, पाण्याची टाकी रिकामी केली आणि नुसता ट्रेलर काट्यावर चढवला. दारावरच्या पट्टीवर रिकामं वजन नऊशे किलो कोरलेलं होतं. काट्याने नऊशे पन्नास दाखवले. दुसरीनं काटा शून्यावर आणायला लावला आणि पुन्हा तोलायला लावलं. पुन्हा तेच.

नवरा मागच्या खिडकीकडे बघत होता.

"शेवटी शेवटी ती पन्नास किलोचीच राहिली होती," तो म्हणाला.

तिला भीती वाटायला हवी होती. ती जळली. इतक्या मायेनं तो तिच्याशी कधी एक शब्द बोलला नव्हता, आणि हे तो रिकाम्या खिडकीशी बोलत होता.

"पलंग काढ," ती म्हणाली.

"अगं, पलंगाचा काय दोष?"

"एक तर तो येईल, नाहीतर मी."

नवऱ्याने स्क्रू काढले. दोघांनी पलंग उचलून बाहेर आवाराच्या भिंतीशी ठेवला. काट्यावर आता आठशे सत्तर आले.

"ऐंशी किलोचा पलंग?" काटेवाला म्हणाला. "तुम्ही तर सहज उचललात."

तिने पलंग एकटाच तोलायला लावला. तो तीस किलोचा भरला.

पुड्यांच्या बाबतीत तिने उरलेल्या पन्नासांचा हिशेब लागल्याशिवाय कोणाला हलू दिलं नसतं. आज तिने विचारलं नाही. ट्रेलरमधून ते गेले, एवढं तिला पुरे होतं. सामान भरून, ट्रेलर जोडून ती नवऱ्याशेजारी ऐटीत बसली. सीटवर वजन पडलं की पट्टा लावेपर्यंत गाडी टिंगटिंग करायची, तशी तिने केली. पलंग मागे भिंतीशीच राहिला, आणि तिने मुद्दाम वळून त्याच्याकडे पाहिलं.

"जाताना फाटक लावून घ्या," काटेवाल्याने सांगितलं होतं. बाहेर पडल्यावर नवऱ्याने गाडी थांबवली. ती दार उघडंच ठेवून उतरली, ट्रेलरच्या कडेने मागे गेली. कडी गंजलेली होती, जोर लावावा लागला.

गाडीची टिंगटिंग तिला तिथे ऐकू आली.

ती परत येताना तिच्या बाजूचं दार आतून ओढलं गेलं.

टिंगटिंग चालूच होती. मग खट् झालं, पट्टा लागल्यावर होतं तसं, आणि टिंगटिंग थांबली.

नवरा समोरच्या रस्त्याकडे बघत होता.

"निघायचं ना गं?" त्याने विचारलं. खिडकीशी बोलला होता त्याच आवाजात.

तो क्षणभर थांबला, हसला आणि गाडी निघाली. दुसरी हाका मारत मागे धावली. मागचा ट्रेलर आता जराही झुलत नव्हता.