मष्णूच्या बैलांचं कोडं

बेबे, कंदील बारीक कर. आन मधी बोलायचं न्हाय. मागल्या खेपेला तू "मग पुढं?" करत माझी समदी गोष्ट नासलीस.

आमचा भरमूआप्पा, माझा सख्खा चुलता, उभ्या जन्मात खोटं बोलला न्हाय. त्यानं सांगितलेलं सांगतो. लढाईचं दुसरं-तिसरं साल आसंल. मार्गशीर्षातली अमावास्या. आप्पा आपल्या गावच्या, कंग्राळीच्या गाड्यांबरोबर गोव्याकडनं नारळ आणाय गेलता. परतताना कणकुंबीच्या घाटात, मधल्या सपाटीवर त्यांनी गाड्या सोडल्या. भाकरी खाल्ली, जाळ केला.

त्यात नागोजी व्हता. त्याच्या गाडीची बैलजोडी मष्णूची. मष्णू आन नागोजी आधी एकाच गाडीवर जोडीनं हिंडायचं. मष्णूचा बैलांवर लई जीव, रोज राती त्यांच्या शिंगांना तेल चोळून मगच निजायचा. आदल्या साली ह्याच घाटात गाडी दरीत गेली आन मष्णू मेला. नागोजी गावात येऊन ऊर बडवून रडला. म्हणाला, "चढावर चालती गाडी मागं घसरली. बैलांच्या गळ्यातली जोती तुटली म्हणून बैल तेवढं वाचलं." मष्णूच्या बायकोनं, मनुबाईनं, एकच इचारलं, "बैलास्नी खरचटलंसुदिक न्हाय, भावजी. कसं?" पंचांनी तिलाच गप बसवलं. बाईमाणूस बैल घेऊन काय करणार, म्हणून जोडीबी नागोजीलाच दिली. हरामखोर मेला! अजून नाव काढलं की माझं टाळकं फिरतंय.

तर तळावर गाडीवानांचा एक खेळ असायचा. एकानं इचित्र गोष्ट अर्धीच सांगायची. बाकीच्यांनी पाळीपाळीनं सवाल टाकून तिचं मूळ हुडकायचं. सांगणारा 'व्हय' म्हणंल नायतर 'न्हाय', त्यापरीस जास्त एक अक्षर न्हाय. जो पाळी चुकवंल त्यानं रातभर बैल राखायचं. दोन कोडी झाली, हसणं-खिदळणं झालं. मग जाळाच्या पल्याड, डोस्क्यावरनं घोंगडं घेऊन बसलेला एकजण बोलला. आप्पाला वाटलं, मागच्या गाडीवरचा आसंल. मागच्यांना वाटलं, म्होरल्या गाडीवरचा.

"घाटात गाडी दरीत गेली. माणूस मेला. बैल उभं. कसं?"

जाळ तडतडला. नागोजीनं इडी खाली टाकली.

आप्पानं सवाल केला, "गाडी चालत व्हती?"

"न्हाय."

दुसऱ्यानं इचारलं, "बैल जुंपल्यालं व्हतं?"

"न्हाय."

तिसरा हळूच म्हणाला, "माणूस... जागा व्हता?"

"न्हाय."

आता नागोजीची पाळी. समदं त्याच्याकडं बघाय लागलं. पाळी चुकवली तर मान्य केल्यासारखं. तो हसला. पण त्ये हसणं खरं न्हवतं, आप्पा म्हणायचा. म्हणाला, "मग चाकामागचा दगड आपसूक निसटला आसंल. व्हय का न्हाय?"

"न्हाय."

आरं, दगडाचं नाव कुणी काढलं व्हतं? गावात तर ह्योच सांगत हिंडला, गाडी चालत व्हती म्हणून! चालत्या गाडीच्या चाकामागं दगड कुठनं येतोय? मष्णू दमून गाडीत निजला, ह्यानं बैल सोडून झाडाला बांधलं आन दगड काढला. बैलांपायी! चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात त्ये ह्येच.

आप्पानं जाळात लाकूड सारलं. आन इचारलं, "दगड काढणारा... हितं बसलाय?"



"व्हय."

नागोजीनं जळतं लाकूड उचलून हाणलं. घोंगडं मटकन खाली बसलं. आत कुणी न्हाय...

मग नागोजी पळाला. बैल जुंपलं, गाडीत उडी टाकली, चढाला लागला. कुणी आडवलं न्हाय. वळणापल्याड घुंगरं वाजत ऱ्हायली. वाजत ऱ्हायली.

थांबली.

काळोखात कुणीतरी सावकाश इचारलं, "सुटलं का कोडं?"

आन नागोजीचा आवाज आला. बारीक. पोरासारखा.

"व्हय..."

मग गाडी गेली. खाली, लई खाली, दगडांवर आपटत.

उजाडल्यावर माणसं उतरली. नागोजी चाकाखाली. जू साबूत, जोती साबूत, शिस्तीत सोडल्याली. बैलांचा पत्ता न्हाय.

बरं झालं! मला काडीचं वाईट वाटत न्हाय. वाटतंय कुणाला? मग गप बसा.

त्याच पहाटं कंग्राळीत मनुबाईच्या दारात बैल हंबरलं. कणकुंबीपास्नं कंग्राळी, एका रातीत, मोकळं बैल... मनुबाई चिमणी पेटवून भायेर आली. दचकली न्हाय, रडली न्हाय. बैलाच्या मानेवर हात ठेवून इचारलं, "गेला का रं त्यो नागोजी?" शेजारची शालूबाई दारात उभी व्हती, तिनं सोता ऐकलंय.

चिमणी वर धरली तवा शालूबाईला बैलांची शिंगं दिसली. चारीबी शिंगांना तेल चोळल्यालं. ताजं. टोकांवनं थेंब गळत व्हतं. लढाईचं दिवस, आख्ख्या गल्लीत फोडणीला तेल न्हवतं.

मनुबाईनं बैल आत घेतलं आन दार लावलं.