दोन टोपडी

हवालदार साहेबरावांचा फोन आला तेव्हा शरयूच्या सकाळच्या चहाचा पहिलाच घोट घशाखाली उतरत होता.

"मॅडम, अंबड रस्त्याच्या वाडीतलं ते जुळं. त्यातला पोरगा गेला. जल्दी या, गाव मामीच्या अंगावर उठलंय."

ते जुळं त्या घरात शरयूनेच ठेवलं होतं. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात ती अधिकारी होती. दैवशाला नावाची बाई बाळंतपणात गेली. तिचा नवरा रामकिसन जाफराबादकडचा, तो बायको गेल्यापासून माणसात नव्हता. मग आर्यन आणि आरोही ही दोन तान्ही लेकरं त्यांच्या मामाकडे, म्हणजे दैवशालाचा भाऊ कल्याण याच्याकडे, द्यावीत असं शरयूने सुचवलं. घर स्वच्छ होतं, आजी मायाळू होती, आणि मामीला दूध होतं, कारण तिची स्वतःची लेक नुकतीच गेली होती. देवानं एक नेलं आणि दोन दिली, असं गाव म्हणालं. शरयूलाही ते पटलं. नंतर ती एकदा बघायला गेली तेव्हा तिने पाण्याचा माठ पाहिला, लसीचं विचारलं आणि चहा घेतला. लेकरं कशावर निजतात, हे तिने विचारलं नाही.

वाडीत पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. अंगणात बायका गळे काढत होत्या, आणि कुंपणापलीकडे शेजारीण गिरिजाबाई वेगळाच गळा काढत होती. तिच्या कोंबड्या सकाळी कल्याणच्या उकिरड्यावर चरल्या आणि तिथंच पाय झाडून मेल्या. घरात लेकरू गेलेलं असताना ही बया कोंबड्यांचं रडतेय, म्हणून बाकीच्या बायका तिला शिव्या देत होत्या. ती मात्र हटायला तयार नव्हती.

साहेबरावांनी शरयूला बाजूला घेतलं. पोरगं पहाटे पाळण्यात गार सापडलं. आजी उषाबाई त्याला छातीशी धरून अंबडच्या दवाखान्यात गेल्या, साहेबराव त्यांच्याबरोबर होते, मागे पाव्हण्यांना फोन करायला कल्याण थांबला. डॉक्टर म्हणाले, गुदमरल्याची खूण नाही. तोंडाला फेस आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. फवारणीच्या औषधाची बाधा होते तसं दिसतंय.

"आणि घरात औषध?"

"सगळं उलथंपालथं केलं. बाटली न्हाई, डबा न्हाई. पण गावाचा निकाल लागलाय. मामीनं घातलं म्हणतात. आधी सोताची लेक अंगाखाली चिरडली, आता नणंदेचं पोरगं सोसवलं न्हाई."

मामी सुरेखा आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती. आरोही तिच्या मांडीवर दूध पीत होती. सुरेखाच्या डोळ्यांखाली काळं साकळलं होतं. तिने शरयूकडे पाहिलं आणि पदर नीट केला, बस.

"सुरेखाताई, आर्यन रात्री कुणाजवळ होता?"

"आत्याबाईजवळ. पाळण्यात. मपल्याजवळ ही असती." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"दूध दोघांना तुमचंच?"

"दोघांला. आधी त्याला, मंग हिला."

"तुम्ही निजता कुठे?"

सुरेखाने पाठीमागच्या भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाली, "हितंच. अशीच बसून."

"रात्रभर?"

"ओवी गेली तवापासून. आडवी झाले तर लेकरावर जाईन न. तिच्यावर गेल्ते, तसं."

तिची ओवी. ती माय-लेकीच्या एकाच अंथरुणात पहाटे मेलेली सापडली होती. सासूने तेव्हाच निकाल दिला होता, हिनं झोपेत अंगाखाली घेतली. डॉक्टरकडे कुणी नेलंच नाही. संध्याकाळच्या आत शेताच्या बांधाला मीठ घालून पुरलं, आणि सुरेखाने तो निकाल गळ्यात धोंडा बांधून घ्यावा तसा बांधून घेतला. तेव्हापासून ती बसून झोपत होती. हे ऐकताना शरयूला स्वतःचा राग आला, कारण इतके दिवस ही बाई तिच्या देखरेखीखाली होती.

ओसरीवर उषाबाई आल्या. शरयूने त्यांना विचारलं, पोराचं सगळं कोण करत होतं.

"मीच की. अंघोळ, टाळू भरनं, मालिश. तेल कसं बराबर मुरवायचं ह्ये आजकालच्या पोरींला येत न्हाई. डोकं गोल व्हावं म्हनून उशी पन मीच शिवली."

"आरोहीला उशी नाही?"

"पोरीला काय करायचीय? वेणीत झाकून जातं."

शरयू पाळण्याजवळ गेली. उशी तळहाताएवढी, फुलाफुलांच्या कापडाची. खोळ तेलाने काळपट झालेली. तिने ती दाबली. आतलं धान्य कोरडं सळसळलं. तिने शिवण जराशी उसवून चार दाणे तळहातावर घेतले. बाजरी होती, साधी घरची, आणि दाण्यांबरोबर कडुलिंबाचं वाळकं पान आलं. तेलाचा थेंबही दाण्यांना लागलेला नव्हता. उशीच्या एका बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांना कापडाची बोटभर गाठ वर काढलेली होती, आवळून बांधलेली.

"ही तुमच्याच हातची ना?"

"तर." उषाबाईंनी लांबूनच पाहिलं. त्यांचे डोळे रडून आणि वयाने अधू झाले होते.

"बाजरी घरचीच?"

"न्हाई, उशीला दाना बारीक लागतो, राळ्यासारखा. राळं आता कोन पेरतंय? कल्यानच्या ड्रमातलं बी घेतलं. रंगीत व्हतं, म्हनून चांगलं धुवून वाळवून घेतलं."

साहेबरावांच्या पिशवीत दवाखान्यात उतरवलेलं पोराचं टोपडं होतं. मानेजवळ तेलाचा डाग होता, आणि त्या डागाला फिकट गुलाबी कड होती. कुंकवाचा हात लागला असेल, असं साहेबराव म्हणाले. शरयूने टोपडं परत पिशवीत ठेवलं. ती पुन्हा आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

"ताई, ओवीचं काही राहिलंय का तुमच्याकडे?"

"सगळं तिच्यासंगं पुरलं. ठिवू न्हाई म्हणतात. उशी पन."

"तिलाही उशी होती?"

"आत्याबाईनं केल्ती. ह्येंनीच घातली मातीत, सोताच्या हातानं."

शरयू तशीच उभी राहिली. कुठली आई झाडून सगळं मातीत देते? शेवटी सुरेखाने आरोहीला खांद्यावर घेतलं, ट्रंक उघडली आणि लुगड्याच्या घडीतून एक टोपडं काढलं. कुणाला सांगू नका, एवढंच ती म्हणाली. टोपड्याला अजून तेलाचा वास होता. मानेजवळ डाग होता, आणि डागाला तीच गुलाबी कड.

शरयू बाहेर आली ती थेट गिरिजाबाईकडे गेली. कोंबड्या कुठे चरल्या ते दाखवायला सांगितलं. त्या माउलीला सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, ती धावतच पुढे झाली. उकिरड्याच्या शेणात, राखेखाली, गुलाबी दाणे पडले होते. तेल लागून एकमेकांना चिकटलेले.

कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कारखान्यात कामाला होता. रोज मोटारसायकलवर जायचा-यायचा. भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायची हे त्याचं काम. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळपासून तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता, आणि लोक येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

शरयूने सगळ्यांसमोर उकिरड्यावरची माती आणि दाणे एका कापडी पिशवीत भरले, आणि दाभण-सुतळी त्याच्यापुढे धरली.

"कल्याणभाऊ, हे तपासणीला पाठवायचंय. तोंड पक्कं शिवून द्या. तुमचा हात बसलेला आहे."

त्याने दाण्यांकडे पाहिलं. मग पिशवी घेतली. हात सवयीने चालू लागले. सुरुवातीला कोपरा वर ओढून सुतळीचा वेढा, मग सरसर टाके, शेवटी दुसरा कोपरा ओढून पुन्हा वेढा. पिशवीला दोन कान उभे राहिले, पोत्याला असतात तसे, उचलताना धरायला.

शरयूने पाळण्यातली उशी आणली आणि पिशवीशेजारी ठेवली. तिलाही दोन कान होते.

"आजी, उशीला कान काढता तुम्ही?"

उषाबाई जवळ आल्या, उशी डोळ्यांशी धरली, बोटाने शिवण चाचपली. "ह्यो मपला टाका न्हाई."

"नाही. आणि आतली बाजरीही तुम्ही घातलेली नाही. खोळीत तेल मुरलंय, दाणे कोरडे आहेत, लिंबाचा पाला आहे. ही घरच्या कणगीतली. आज सकाळी तुम्ही दवाखान्यात असताना उशी उसवली गेली, आतलं काढून उकिरड्यावर टाकलं, दुसरं भरून तोंड शिवलं. घरात त्या वेळी सुरेखाताई होत्या, पण त्यांना बायकांनी घेरलं होतं. मोकळा एकच माणूस होता."

अंगणातल्या बायका कल्याणकडे वळल्या.

"पेरायच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, आजी. किडीसाठी. गुलाबी रंग त्याचाच, ओळखू यावं म्हणून. धुतल्याने ते सगळं जात नाही. तुम्ही टाळू भरायच्या, मानेला तेल मुरवायच्या. उन्हाळा, घाम. ते तेल उशीत उतरायचं आणि औषध घेऊन परत लेकराच्या कातडीत जायचं. दोन्ही टोपड्यांना एकाच जागी डाग आहे."

"दोन्ही?" उषाबाई म्हणाल्या.

शरयूने आतल्या दाराकडे पाहिलं. सुरेखा उंबऱ्यात उभी होती. हे त्या दोघींसमोर बोलायची वेळ आपल्यावर यावी याचं शरयूला वाईट वाटलं, पण बोलल्यावाचून सुटका नव्हती.

"ओवीलाही त्याच बियाण्याची उशी होती. ती कुणाच्या अंगाखाली गेली नाही. पहिल्या वेळी चूक झाली, कुणालाच कळलं नव्हतं. पण कल्याणभाऊ, तुम्हाला कधी कळलं?"

कल्याण सुतळीशी खेळत बसला.

"कधी?"

"मातीत घालताना," तो म्हणाला. "उशी हातात घेतली तवा बोटं गुलाबी झाली. कारखान्यात ह्येच सांगतात, हात धुतल्याबिगर जेवू नका. आन् बी म्याच आणलेलं. सांडलेलं, झाडून. भाईर न्यायचं नस्तं."

"मग सांगितलं का नाही?"

"आय म्हणली, सुरेखानं चिरडली. सुरेखा पन हो म्हणली. मंग मी काय बोलू? सगळ्याईचं ठरलंच व्हतं की."

"आणि बी तसंच ठेवलं?"

"पेरायला ठिवलं व्हतं."

तेवढ्यात उषाबाई खाली बसल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "म्या ह्याला इचारलं व्हतं. आर्यन आला तवा. म्हणलं, कल्यान, मागल्यासारखी उशी करू का, त्याच बीची? जेवत व्हता. मान हलवली ह्यानं. हो म्हनून."

साहेबरावांनीसुद्धा त्याच्याकडे बघणं टाळलं.

"न्हाई म्हणलो असतो," कल्याण म्हणाला, "तर का न्हाई, ते सांगावं लागलं असतं."

त्याने मूग गिळले आणि विषाला लेकरू गिळू दिलं. रोज संध्याकाळी तो घरी यायचा, तेव्हा भाचा त्या उशीवर हातपाय हलवत असायचा. रोज सकाळी बायको भिंतीला टेकून बसलेली दिसायची. दोन्हीकडे पाहून तो डबा बांधून कामावर जायचा. असल्या माणसाला गाव सज्जन म्हणत होतं, आणि अजूनही काही जण ते मनातून सोडायला तयार नव्हते. एक म्हातारा म्हणालाच, त्यानं काय हातानं मारलं न्हाई. गिरिजाबाईने त्याला जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण बरोबर होती.

कल्याणला पोलिसांच्या जीपकडे नेताना उषाबाई त्याच्याकडे गेल्या नाहीत. त्या आपले दोन्ही हात समोर धरून पाहत बसल्या. तेल मुरवणारे हात, उशी शिवणारे हात. दोन नातवंडं त्यांनी मायेनं न्हाऊमाखू घातली होती, आणि सुनेला खुनी म्हटलं होतं. सुरेखा त्यांच्यासमोरून गेली. थांबली नाही. म्हातारीने तिच्या पदराला हात लावायला पाहिला, पण पदर तोवर पुढे गेला होता.

त्या घरात आरोहीला ठेवायचा प्रश्नच नव्हता. आधी तिची तपासणी, मग पुढचं. पण ती अंगावर पीत होती, म्हणून सुरेखालाही बरोबर न्यायचं शरयूने ठरवलं. लेकरं कुणाकडे द्यायची ते ठरवणाऱ्या समितीपुढे काय होईल ते ती सांगू शकत नव्हती. कदाचित पोर सुरेखाजवळ राहील, कदाचित शिशुगृहात जाईल. सुरेखानेही विचारलं नाही.

अंबडच्या दवाखान्यात दुपारी एक खाट मिळाली. आरोहीसाठी शेजारी वेगळा पाळणा होता, सपाट गादीचा, उशी नसलेला. शरयूने तिला त्यात उताणं निजवलं, तोंडावरचं पांघरूण काढलं, आणि मामीला सांगितलं की लेकरू असंच निजवायचं, जवळ पण वेगळं.

सुरेखा खाटेच्या कडेला बसली, पाठ भिंतीला लावून, रोजच्यासारखी. बराच वेळ ती पाळण्याकडे बघत होती. मग तिने शरयूला हाक मारली.

"बाई, आता मी आडवी झाले तर चालंल का?"