न गोठलेलं चित्र

दार लोटून घ्या आणि मध्ये कोणी बोलू नका. माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. माणूस कॉम्प्युटरवाला. भुताखेतांचं नाव काढलं की खो खो हसायचा. आता हसत नाही.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्री जेवूनखाऊन तो इस्पितळात गेला, तो अगदी साध्या कामासाठी. तिथे अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेवर कॅमेरा आहे. नातेवाइकांना घरबसल्या फोनवर आपलं माणूस दिसतं. ही चित्रं पाठवणाऱ्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडलं होतं. बाहेरून कुणी एक वेडीवाकडी मागणी पाठवली, की सर्व्हर गुदमरायचा आणि सगळी चित्रं जागच्या जागी गोठायची. महिन्याभरात तीनदा झालं होतं. कंपनीनं दुरुस्ती पाठवली होती, ती चढवायची, बस्स.

चार नंबरच्या खाटेवर त्याचीच आत्या होती. आईमागे त्याला वाढवलं, ती.

तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीतून त्यानं वर सिस्टरना फोन केला. "पाच मिनिटं चित्र बंद राहील हं."

"करा बाबा एकदाचं! तिन्ही वेळा चित्र गोठलं आणि तेवढ्यातच एकेक पेशंट गेला. नातेवाईक आमच्यावर डाफरतात."

"योगायोग हो, सिस्टर."

दुरुस्ती चढली. चित्रं पुन्हा सुरू झाली. पावणेतीनच्या सुमारास तीच वेडीवाकडी मागणी आली. सर्व्हरनं नाकारली. पुन्हा आली. पुन्हा नाकारली. मग धडकांवर धडका.

"मार, हवं तितकं डोकं आपट," म्हणत त्यानं ती कुठून येतेय ते पाहिलं.

बाहेरून नव्हतीच. चार नंबरच्या कॅमेऱ्यातून येत होती.

त्यानं ते चित्र मोठं केलं.

आत्या जागी होती. खाटेशेजारी बघून बोलत होती. तिथे कोणी नव्हतं. तीन आठवडे जिला कूस बदलता आली नव्हती, ती हळूच कडेला सरकली... कुणाला जागा करून द्यावी तशी.

त्यानं पुन्हा वर फोन लावला. "सिस्टर! चार नंबरपाशी कोण आहे?"

"कोणी नाही. मी इथेच उभी आहे की. झोपल्यात त्या."

पडद्यावर सिस्टर दिसत होत्या. फोन कानाला. आणि त्यांच्यासमोर आत्या, डोळे उघडे, चादर उचलून धरत होती...

"सिस्टर, तिला हलवा! उठवा तिला!"

"अहो, शांत झोपल्यात..."

त्याला तेव्हा कळलं. चित्र गोठायचं, ते कुणी बघू नये म्हणून. निदान आता तरी बंद करावं. हात वायरकडे गेला. पोचला नाही. मान फिरेना. डोळे मिटेनात.

धडका थांबल्या.

चित्र चालूच राहिलं.

त्यानं शेवटपर्यंत पाहिलं. काय पाहिलं... ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

धावत वर पोचला तेव्हा आत्या गेली होती. खाटेच्या पार कडेला, डोकं उशीवरून खाली घसरलेलं. उशीवर तिच्या डोक्याचा खळगा होता. शेजारी आणखी एक.

सिस्टरनी उशी उचलली. झटकली. परत ठेवली.

सपाट होती.

मग दोघांच्या देखत... हळूहळू... एक बाजू खाली दबली.