चौघांचं वाक्य

गझाला नेरच्या एका खासगी शाळेत गणित शिकवायची. मोहल्ल्यातल्या बाया नजर लागल्याचं, सावली पडल्याचं सांगायला लागल्या की ती हसून उठून जायची. तिचे अब्बा, जब्बारभाई, फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. दोन हजार सतरा सालच्या त्या पावसाळ्यात त्यांना श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडात गुलाबी अळी शिरली होती. जो तो जे मिळेल ते औषध मारत सुटला होता. अंगणात पंपांची रांग लागलेली असायची. त्या औषधाचा गोडसर, घशात अडकणारा वास घरातल्या चादरींनाही यायला लागला होता.

पुसदला डी.एड. करताना जमलेली तिची चौकडी अजून टिकून होती. फिरोजने पुसदलाच मोबाइलचं दुकान टाकलं होतं, पियुष पुण्याला नोकरीला लागला होता आणि सोनू राळेगावजवळच्या आपल्या गावी शेती पाहत होता. कॉलेजात मागच्या बाकावर चिठ्ठ्यांवर खेळायचा खेळ आता व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचा. खेळ साधा. प्रत्येकाने पाळीपाळीने एकच शब्द टाकायचा, चौघांचं मिळून एक वाक्य व्हायचं. वाक्याचा शेवटचा शब्द घेऊन पुढचं वाक्य सुरू करायचं. जो अडला तो हरला.

त्या रविवारी दुपारी खेळ रंगला होता. हवा पडली होती, पंख्याखालीसुद्धा अंगाला घाम चिकटत होता. सोनू घरीच होता. फवारून फवारून डोळे चुरचुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी त्याला शेतात जायला मनाई केली होती.

"उंदराने," फिरोजने सुरुवात केली.

"हवालदाराची," पियुष.

"टोपी," गझाला.

"पळवली," सोनू.

त्यावर हसणारे चेहरे आले. 'पळवली'वरून पुढे काही जुळेना, तेव्हा फिरोजने नवीन शब्द टाकला.

"मले."

"दिसून," पियुषने लिहिलं.

गझालाने 'दिसून'नंतर 'आला' लिहायचं ठरवलं होतं. तिने लिहिलं, "नाही."

"राह्यलं," सोनू.

मले दिसून नाही राह्यलं.

पियुषने लिहिलं, "हा खेळ आहे की दवाखाना?" कोणी हसलं नाही. फिरोजने 'राह्यलं' पुढे ओढलं.

"राह्यलं पाणी."

"चिंचेखाली."

"विहिरीच्या."

"पल्याड."

गझाला आपल्या बोटांकडे पाहत राहिली. विहीर हा शब्द तिच्या मनात आलाच नव्हता. तिच्या मनात सावली होती. चिंचेखाली सावली असते. खाली 'फिरोज लिहीत आहे' असं दिसत होतं, जात होतं, पुन्हा दिसत होतं.

"पल्याड मी."

"पडलो."

"पंप."

"पाठीवर."

अंगणात अब्बा पंपाचा दांडा वरखाली करून बघत होते. खटक, खटक. गझालाने उठून खिडकी लावली. आपण खिडकी का लावली, हे तिला कळलं नाही.

"थांबा रे," तिने लिहिलं, "कोण मुद्दाम करून राह्यलं?"

"मी नाही," फिरोज.

"माझा शब्द आपोआप पडतोय," पियुषने लिहिलं. "मी 'पडदा' लिहीत होतो."

मग फिरोजने लिहिलं, "पाठीवर आग," आणि लगेच पियुषने लिहिलं, "होते." पाळी गझालाची होती. फोन खाली ठेवायचा, असं तिने ठरवलं. ठेवलासुद्धा. पण ठेवता ठेवता तिचा अंगठा फिरला होता.

"सोनूभाऊ."

ती सोनूला कधीच भाऊ म्हणत नसे. कॉलेजातलं कोणीच म्हणत नसे.

सोनूची पाळी होती. त्याचा शब्द आला नाही. त्याचा फोन आला.

"गझाला," त्याचा आवाज दबका होता, "चिंचेखाली विहीर आमच्या शिवारात एकच हाये. पुंडलिकरावांच्या वावरात. तिथं आज आमच्या गावचा उकंडाकाका मजुरीनं फवारून राह्यला. सकाळी इथूनच गेला, मले 'सोनूभाऊ' अशी हाक मारून."

"सोनू, असं काही नसते. तू मनातलं लिहिलं आणि आम्ही—"

"मी 'विहिरीच्या' नाही लिहिलं. तू लिहिलं."

तिने कानावरचा फोन काढून गटावरचा तो शब्द पुन्हा पाहिला.

"जाऊन तर पाह्यतो," तो म्हणाला. मागे त्याची आई मैनाबाई ओरडत होती, "डोयाले फडकं बांध रे, काहून चालला तिकडं?" गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

गझाला घरभर फिरत राहिली. अम्मीने, हजराबीने, दोनदा विचारलं, "क्या हुआ गं? चेहरा असा काहून?" तिने सगळे शब्द मागे जाऊन पुन्हा वाचले. प्रत्येक शब्दावर त्या त्या माणसाचं नाव होतं. चार नावं, चार फोन. चार माणसं शब्द जोडत गेली की काहीतरी वाक्य होतंच, तिने स्वतःला समजावलं. आणि आजकाल डोक्यात फवारणीशिवाय काय असतं कोणाच्या?

सोनूचा फोन आला तेव्हा त्याला धाप लागली होती. गाडीचा, माणसांचा कालवा ऐकू येत होता.

"सापडला. विहिरीच्या पल्याड, कपाशीत. पंप पाठीवरच होता, फुटला होता. सगळी पाठ ओली. बाहेरून दिसतच नव्हता गं, कपाशी एवढी उंच. कोणी संध्याकाळपर्यंत पाह्यलाही नसता."

"आणि?"

"जिवंत हाये. पुंडलिकरावांची जीप घेऊन यवतमाळले चाललो."

उकंडाकाका वाचला. बरेच दिवस दवाखान्यात पडून होता. डोळ्यांपुढचं धुकं मात्र हटत नव्हतं. त्या हंगामात त्या दवाखान्यातून सगळेच घरी परत आले नाहीत. गटावर सगळ्यांनी हात जोडले, देवाचे, अल्लाचे आभार मानले. पण खेळाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. फिरोजने फक्त एकदा विचारलं, "आपण चौघंच होतो ना?"

गझालाला चैन पडेना. वर्गात फळ्यावर गणित मांडताना तिचा हात मधेच थांबायचा, पुढचा आकडा आपलाच आहे ना याची खात्री करून घ्यायला. शेवटी एका सुटीच्या दिवशी तिने यवतमाळची एसटी धरली आणि तिथून राळेगावची. स्टँडवर सोनू न्यायला आला होता. दोघं सरळ उकंडाकाकाकडे गेले.

घर कुडाचं, स्वच्छ सारवलेलं. उकंडाकाका बाजेवर बसला होता, डोळ्यांना काळा चष्मा. सोनूने ओळख करून द्यायच्या आतच गझाला म्हणाली, "काका, बरं वाटते ना आता?"

त्याने झटकन मान वर केली.

"विहिरीच्या," तो म्हणाला. "हे तुमीच म्हटलं होतं, बाई. आवाज वयखला मी."

गझाला खेळताना तोंडाने एक शब्दही बोलली नव्हती.

"मी नुसता पडलो होतो," उकंडाकाका सांगू लागला. "दिसे ना काही. जीभ जड. एकेक शब्द निघे. अन् तो निघाला का तुमी चौघं तो घ्या, पुढं द्या. हातोहात. भिताडाच्या इटा देतेत ना तशा. मले वाटलं, बरं झालं, माणसं आली जवय."

सोनू खाली बघत होता. बाहेर कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. भर दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं.

"तुमच्यातला पाचवा तेवढा चांगला नाही," उकंडाकाका हळूच म्हणाला.

"पाचवा?"

"तो शब्द घेयेच ना. माह्या कानापासी बसला होता. सारखा म्हणे, राहू द्या. निजला हाये, निजू द्या."

"काका, आम्ही चौघंच होतो," गझाला म्हणाली. तिला स्वतःचा आवाज शिकवताना येतो तसा मोठा वाटला.

उकंडाकाकाची बायको दोन कप चहा घेऊन बाहेर आली. एक तिने गझालाला दिला, एक सोनूला. कपबशांचा आवाज त्याने कान देऊन ऐकला.

"दोनच आणले?" तो तिला म्हणाला. "दारातल्या पाव्हण्याले?"

सोनू आणि गझालाने एकदमच दाराकडे पाहिलं. उंबरठ्यावर ऊन होतं. त्याच्या पलीकडे अंगण, आणि अंगणापलीकडे कपाशी.

बाईनेही दाराकडे पाहिलं, जरा वेळ. मग परक्या पुरुषासमोर घेतात तसा तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तिसरा कप आणायला आत गेली.